नानांची कविता, हातांशिवाय

"हात कुठनं काढायचा?" धैर्यशीलनं विचारलं.

त्याच्या अंगावर काळा झगा होता आणि झग्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. बाह्यांची टोकं शिवलेली. चांगली दुहेरी टीप मारून. आत त्याचे हात पिशवीत घातलेल्या मांजरासारखे इकडंतिकडं फिरत होते.

"आधी नीट घाल तर," शिंत्रे सर म्हणाले.

"घातलाय की सर. पुढं रस्ताच नाय."

मी माझा चढवला. तेच. मनगट, बोटं, सगळं आत कोंडलेलं. तिसरा झगा सागर कुंभारचा, तो बुटका, त्याच्या बाह्या तर जमिनीवर लोळत होत्या. पुढच्या बाजूला गळ्यापासून पायापर्यंत बटणं. पडद्याच्या पलीकडं लोक खुर्च्या सरकवत होते, माईकवर कुणीतरी 'हॅलो हॅलो' करत होतं, आणि पडद्याच्या अलीकडं आम्ही तिघं बिनहाताचे उभे.

शिंत्रे सरांचा चेहरा पांढरा पडला. ते घाबरले ते का, हे कळायला आमची शाळा माहीत पाहिजे.

आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर जातात. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, अ‍ॅसिडात धुवायचं, चोख करून परत द्यायचं. आमचे चेअरमन, नाना निकम, ते करून मोठे झाले. तमिळनाडूत दुकानं काढली, गावाकडं येऊन निवासी शाळा काढली, आणि मग, कुणी अडवलं नाही म्हणून, कविता करायला लागले. दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला काव्यदिन. काव्यदिनाला नाव दिलेल्या पोरांनी, यंदा आम्ही तिघांनी, नानांची कविता पाठ म्हणायची. सगळ्यांनी एकच. तुलना करायला सोपं जातं म्हणे. पहिला येईल त्याला पुढच्या वर्षाची वसतिगृहाची मोफत जागा.

मी नववीत होतो. नववीपर्यंत तात्यांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, कसंतरी ओढलं होतं. पुढं जमणार नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. जागा मिळाली तर दहावी, नाही मिळाली तर सेलमला मामाच्या गलाईच्या दुकानात. मामानं तिथं माझ्यासाठी चटई पण आणून ठेवली होती. तसा निरोपच होता त्याचा, 'भारतसाठी चटई आणलीय.'

तर त्या जागेसाठी मी नानांची कविता पाठ केली होती. आणि मला ती येत होती. बाकीच्यांना येत नव्हती. त्यांना हात येत होते.

शिंत्रे सर मुळात पीटीचे. मराठीला माणूस मिळाला नाही म्हणून मराठी त्यांच्या गळ्यात आलं. त्यांनी कविता शिकवायची स्वतःची पद्धत काढली होती. "आधी हात, मग तोंड." प्रत्येक शब्दाला एक हात. आई म्हटलं की बाळ झुलवायचं. सोनं म्हटलं की कानाजवळ चिमूट. डोळे, आकाश, उपकार, सगळ्याचे हात ठरलेले. मैदानावर रांगेत उभं करून ते कवायतीसारखे हात बसवून घ्यायचे, शब्द हातांच्या मागनं ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीसारखे आपोआप यायचे. धैर्यशील या प्रकारात राजा होता. त्याचे हात बघून पाहुण्यांच्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. त्याच्या बापाची पोल्ट्री होती, त्याला मोफत जागेची काडीची गरज नव्हती. पण गेल्या दोन्ही वर्षी पहिला तोच.

माझे हात भिकार होते. एक तर मला लाज वाटायची. दुसरं म्हणजे हात नेहमी एक शब्द उशिरा जायचा, आणि उशिरा गेला की सर पट्टी मारायचे. म्हणून मी शब्द वेगळे पाठ केले, विहिरीवर आंघोळीला जाता-येता.

आता झगे का? तर नानांचा मुलगा रणधीर आठ दिवस लंडनला जाऊन आला होता. येताना त्यानं एका चित्राची फ्रेम आणली. जुनी इंग्रजी शाळा, दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची. पोरं काळ्या झग्यांत उभी राहून कविता म्हणतायत आणि समोर टोप घातलेले श्रीमंत लोक पोटावर हात ठेवून ऐकतायत. रणधीरला ते बघून भरून आलं. आपल्या शाळेत आणि त्या शाळेत फक्त झग्यांचा फरक आहे असं त्याचं मत झालं. त्यानं फ्रेमचा मोबाईलवर फोटो काढून मुल्ला टेलरला पाठवला. मुल्लाचाचांनी फोन करून विचारलं होतं म्हणे, "साहेब, हात?" रणधीर म्हणाला, "फोटोत आहे तसंच."

फोटोत बाह्यांची टोकं बंद होती आणि पोरांचे हात पाठीमागं होते. मुल्लाचाचांनी फोटोत आहे तसंच शिवलं. पुढं बऱ्याच वर्षांनी मी कुठंतरी वाचलं की त्या झग्यांना कोपराजवळ चीर असते, हात तिथनं काढायचा असतो. फ्रेममध्ये तेवढाच भाग अंधारात होता.

"कात्री आण," सर मला म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं मी कात्री धरणार कशानं. ते स्वतः निघाले तोवर रणधीरच आत आला. सूट, गॉगल डोक्यावर.

"काय चाललंय?"

"बाह्या जरा कापतो साहेब. हात बाहेर येत नाहीत."

"कापायचं नाय. ओरिजनल डिझाईन आहे."

"मग झगे काढून..."

"सर, फोटोग्राफर सांगलीवरनं आणलाय मी. कशासाठी आणलाय?"

सर अजून तासिकेवर होते, कायम नव्हते, त्यांना गप्प बसण्याचा सराव होता.

"पण हावभाव?" धैर्यशील म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तिकडची पोरं करत्यात काय हावभाव?" रणधीर म्हणाला. "क्लास असतो एकेक." आणि गेला.

पहिला सागर. तो निदान बिलंदर तरी होता. त्यानं स्टेजवर जाता जाता आतल्या आत हात बाहीतनं ओढून घेतला, पोटावरचं एक बटण सोडलं आणि तिथनं पंजा बाहेर काढला. कविताभर त्याच्या पोटातनं एक हात येऊन कधी बाळ झुलवत होता, कधी चिमूट करत होता. लोक त्या हाताकडं इतके टक लावून बघत होते की तो तोंडानं काय म्हणाला ते त्याच्या आईला पण सांगता आलं नसतं. खाली उतरल्यावर रणधीरनं त्याला विंगेतच एक ठेवून दिली.

मग धैर्यशील. तो ऐटीत गेला, नमस्कार करायला हात जोडायला गेला आणि दोन काळ्या पिशव्या एकमेकांवर आपटल्या. तरी त्यानं सुरू केलं.

"आई माझी सोन्याची खाण, तिच्याविना हे ओस दुकान..."

आणि संपलं. पुढची ओळ त्याच्या हातात होती आणि हात आत होते. मला विंगेतनं दिसत होतं, बाहीच्या आत त्याची बोटं शोधत होती. शिंत्रे सर पडद्याआडनं त्याला हात करून दाखवत होते, भट्टी, भट्टी, जाळ, जाळ. धैर्यशीलला ते दिसत होतं, पण त्याला ते स्वतः केल्याशिवाय शब्द येणार नव्हता. तो तसाच उभा राहिला. मग रडला. डोळे पुसायला पण त्याला बाहीच वापरावी लागली.

मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. आता तर झालीच जागा, असं वाटलं. मामाची चटई त्यालाच लखलाभ.

मी गेलो. बाह्या खाली सोडल्या. समोर सोफ्यावर नाना बसलेले, पांढरे कपडे, गुलाबी फेटा. त्यांची एक सवय होती, कुणी त्यांची कविता म्हणायला लागलं की त्यांचे ओठ सोबत हलायचे. त्यांच्यामागं सेलम-मदुराईचे गलाईवाले, बायका, गावचे लोक, आणि मागं सगळी शाळा. माईक रणधीरनं सांगलीवरनं आणलेला, श्वास सोडला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जात होता. सगळे एकदम शांत होते, कारण धैर्यशीलचं बघून त्यांना भीती वाटत होती की हे पण पोरगं अडकणार.

मी हळू म्हणायला सुरुवात केली. चुकायचं नव्हतं मला. एकेक शब्द सुटा.

"आई माझी सोन्याची खाण,
तिच्याविना हे ओस दुकान.
भट्टीत जैसे वितळे सोने,
तैशी वितळली ती आनंदाने."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं शेजारणीला विचारलं, "कोण वितळली?"

"ह्यांची आई."

"आगं बया. कशी?"

"आनंदानं."

हे सगळं हळू आवाजात चाललं होतं, पण तेवढ्या शांततेत कुणालाही ऐकू गेलं. मागं कुणीतरी फसकन् हसलं. मी थांबलो नाही. थांबलो तर विसरलो असं झालं असतं.

"अ‍ॅसिडात धुतले तिचे उपकार,
कचरा निघाला ग्रॅम चार."

आता सोफ्यामागचा एक पाहुणा, पिकल्या मिशांचा, धंद्यातला जुना माणूस, एकदम काळजीनं बोलला, "चार ग्रॅम म्हंजे लईच की हो." त्याला हसवायचं नव्हतं. त्याला खरंच घट जास्त वाटली होती. पण त्यानंतर अख्खा मांडव हसत सुटला. बायका पदरात तोंड घालून हलत होत्या. शाळेची पोरं बाकावर उताणी पडली. मी बोलत राहिलो.

"आई, तुझी मूस मी फोडणार नाही,
दुसऱ्या आईत सोने ओतणार नाही."

संपलं. एक शब्द चुकला नव्हता. मी वाकून नमस्कार केला. नानांचे ओठ कधीच हलायचे थांबले होते.

तोपर्यंत मला कळलंच नव्हतं की मी काय केलंय. सहा वर्षं ही कविता त्या मांडवात म्हटली जात होती. लोक हात बघायचे, रडायचे, जेवून जायचे. ऐकली कुणीच नव्हती.

निकाल जाहीर झाला नाही. जेवणं झाल्यावर मला ऑफिसात बोलावलं. नाना टेबलामागं, फेटा काढून ठेवलेला. रणधीर खिडकीला टेकलेला. शिंत्रे सर दाराशी. भिंतीवर ती इंग्रज पोरं.

"ह्यानं मुद्दाम केलं," रणधीर म्हणाला.

"मुद्दाम काय केलं?" नाना म्हणाले. "मी लिहिलंय तेच म्हणला तो." मग माझ्याकडं बघून, "कुणाचा तू?"

"मंडल्यांचा. भारत."

"भारत, काय चुकलं का तुझ्याकडनं?"

"नाय नाना."

"एकपण शब्द?"

"नाय."

"मग हसली का माणसं?"

मी सरांकडं बघितलं. सर फरशीकडं बघत होते.

"कविता कशी हाय?" नानांनी विचारलं. "खरं सांग."

खरं सांगायला मी काय वेडा नव्हतो. "चांगली आहे, नाना."

"ती गेली तेव्हा मी सेलमला होतो," नाना म्हणाले. "पोचलो तर सगळं उरकलेलं. मग भट्टीपुढं बसून लिहिली ही." ते थोडा वेळ पेपरवेट फिरवत राहिले. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण मी एवढंच बघत होतो की जागेचं काय.

तेवढ्यात शिंत्रे सर बोलले. आयुष्यात पहिल्यांदा न विचारता. "नाना, हात नव्हते म्हणून झालं हे. हात असते तर लोक रडले असते. दरवर्षी रडतात."

नानांनी ते लगेच पकडलं. माणूस बुडताना काय पकडत नाही. "बरोबर," ते म्हणाले. "हातच नव्हते. रणधीर, तुझ्या त्या झग्यानं घात केला."

"झगा ओरिजनल..."

"गप. भारत, उद्या प्रार्थनेला सगळ्या शाळेपुढं परत म्हणायची. झगा नाय. हातांसकट. पोरं हसली नाहीत तर जागा तुझी."

"हसली तर?" मी विचारलं.

"हसत नाहीत," सर घाईघाईनं म्हणाले.

संध्याकाळी मैदानावर सरांनी माझे हात बसवले. ते इतके मन लावून शिकवत होते की मला पट्टी मारायची पण विसरले.

"वितळताना बोटं हलव. वरनं खाली. मेणबत्तीसारखी. आता आनंद, छातीपासून बाहेर. मोकळं कर."

"सर, आई आनंदानं का वितळती?"

"कोण आई?"

"कवितेतली."

सरांचा हात हवेत राहिला. "असं आहे का त्यात?"

"तेच की. तैशी वितळली ती आनंदाने."

"असेल काहीतरी. आपल्याला काय करायचंय. परत घे, भट्टीपासनं."

मी घेतलं. परत परत घेतलं. लाजबीज सगळी बाजूला ठेवली. आई झुलवली, सोनं चिमटीत धरलं, अ‍ॅसिडात उपकार खळखळून धुतले. अंधार पडेपर्यंत माझे हात धैर्यशीलच्या तोडीचे झाले. सर म्हणाले, "तुझ्यात होतं रे हे. माजामुळं करत नव्हतास." खरं होतं ते.

सकाळी सगळी शाळा रांगेत. पाचवी पुढं, दहावी मागं. कट्ट्यावर नाना खुर्चीत, रणधीर शेजारी, आज गॉगल डोळ्याला. हेडमास्तरांनी आधीच दम दिला होता, जो हसेल त्याला टीसी. शिंत्रे सर झेंड्याच्या खांबापाशी उभे होते, जिथनं मला त्यांचे हात दिसतील.

मी सुरू केलं. आई, खाण, दुकान. माझे हात असे चालले की पहिल्या रांगेतली बारकी पोरं तोंडं उघडी टाकून बघायला लागली. कुणी हसलं नाही. नानांचे ओठ हलायला लागले. मी भट्टी पेटवली. समोर सर पण पेटवत होते, माझ्याबरोबर, सवयीनं. मी सोनं वितळवलं. सरांनी वितळवलं. मग तैशी वितळली ती. आमची दोघांची बोटं वरनं खाली आली.

आणि सरांच्या नाकातनं आवाज आला.

त्यांनी त्याचा खोकला केला. पण त्यांचे हात 'आनंद' करायला छातीपासून बाहेर निघालेले होते, ते अर्ध्यात थरथरायला लागले. मान खाली गेली. खांदे हलायला लागले. सहा वर्षं त्यांनी ही कविता बसवली होती आणि ती त्यांना आत्ता, खांबापाशी, पहिल्यांदा ऐकू आली होती. शिंत्रे सरांना हसताना शाळेनं कधी बघितलं नव्हतं. पाचवीच्या पोरांनी बघितलं. मग सहावीच्या. टीसीचा दम किती वेळ टिकणार. अ‍ॅसिडपर्यंत मी पोचलो तेव्हा अख्खं मैदान गदागदा हलत होतं, आणि माझे हात बघून आणखी हलत होतं, कारण आता त्यांना शब्द पण ऐकू येत होते आणि हात पण दिसत होते. उपकार धुताना तर हेडमास्तर पाठमोरे झाले.

मी शेवटपर्यंत म्हटली. दुसऱ्या आईत सोनं न ओतण्याचा हात अवघड असतो, ओतायचं दाखवून मग नाही म्हणायचं असतं. तो पण केला. बिनचूक.

नाना उठले, कट्ट्यावरनं उतरले आणि कुणाकडं न बघता गाडीत जाऊन बसले. रणधीर माझ्याजवळ आला.

"सामान बांध."

"मी काय केलं?"

"तुला सांगितलं होतं, हसली नाहीत तरच जागा."

"सर हसले आधी."

"सरांचं आम्ही बघतो."

सरांचं त्यांनी असं बघितलं की सर पुढच्या वर्षी पण तिथंच होते. मराठीला माणूस मिळत नव्हता. मोफत जागा धैर्यशीलला गेली. त्याच्या दोन ओळींना कुणी हसलं नव्हतं, त्यामुळं तो नियमानं पहिला. त्याच्या बापानं शाळेला पंखे दिले. नानांनी कविता बंद केल्या असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. त्यांनी पुढच्या वर्षी बापावर लिहिली.

तात्या दुसऱ्या दिवशी न्यायला आले. त्यांना कुणी काही नीट सांगितलं नव्हतं, एवढंच की पोरगं पाठांतरात बसलं नाही. आम्ही स्टँडवर बाकड्यावर बसलो. त्यांनी मला भजी घेऊन दिली आणि स्वतः खाल्ली नाहीत.

"लई चुकलास का रं?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"तरी किती?"

"एक शब्द नाय तात्या. दोन्ही येळेला. सगळी म्हणलो, शेवटपातूर."

एसटी लागली. लोक उठले. तात्या बसून राहिले, त्यांचा हिशोब लागत नव्हता. मग त्यांनी माझी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली.

"मग एखादा चुकायचा की रं," ते म्हणाले.